छपरावरचा अँटेना, खांबावरचा बूस्टर आणि प्रादेशिक प्रक्षेपक: डिजिटल दूरचित्रवाणीच्या एका संचाचे परीक्षण

प्रादेशिक प्रक्षेपकावरून थेट हवेतून येणारी डिजिटल दूरचित्रवाणी ही घरात चित्र आणण्याच्या सर्व मार्गांपैकी सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, हे माझे मत या संचाच्या दीर्घ वापरानंतर अधिक पक्के झाले आहे. मात्र या भरवशाचा निम्मा भाग आपल्याच छपरावर ठरतो, आणि नेमक्या त्याच भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. परीक्षणासाठी घेतलेल्या संचात चार वस्तू आहेत: लॉग-पिरिऑडिक प्रकारचा (क्रमाने लहान होत जाणाऱ्या काड्यांचा) छपरावरचा अँटेना, त्याच्या खांबावरच बसवायचा, सिग्नल वाढवणारा बूस्टर, दुहेरी आवरणाची ७५ ओहमची केबल आणि हवेतून डिजिटल चित्र पाठवण्याच्या डीव्हीबी-टी आणि तिची नवी आवृत्ती डीव्हीबी-टी२ या दोन्ही पद्धती समजणारा सेट-टॉप बॉक्स. प्रक्षेपक सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे आणि मधल्या भूभागात झाडी व इमारती आहेत, म्हणजे परिस्थिती फार सोयीची नाही आणि अशक्यही नाही. अशा मधल्या अवस्थेतच चांगल्या आणि सुमार साहित्यातला फरक दिसून येतो.

अॅनालॉग काळात सिग्नल कमी पडला की चित्रावर मुंग्या येत, आवाजात खरखर मिसळे आणि डोंगरावरून किंवा इमारतीवरून परावर्तित झालेल्या लहरीमुळे माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली उभी राही. चित्र बिघडे, पण बातमी कळे. डिजिटल प्रक्षेपणात ही हळूहळू होणारी घसरण राहिलेली नाही. चित्राची माहिती आकड्यांच्या रूपात येते आणि तिच्यासोबत चूक दुरुस्त करणारी जादा माहितीही येते. जुन्या डीव्हीबी-टी पद्धतीत प्रत्येक २०४ बाइटांच्या गठ्ठ्यात १६ बाइट केवळ याच कामासाठी राखलेले असतात आणि त्यांच्या बळावर त्या गठ्ठ्यातले ८ बाइटांपर्यंतचे बिघाड पूर्णपणे भरून काढता येतात. चुका त्या मर्यादेत आहेत तोवर पडद्यावर काहीच जाणवत नाही. मर्यादा ओलांडली की चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, आणि आणखी एक-दोन डेसिबल (सिग्नलमधील फरक मोजण्याचे एकक) घट झाली की पडदा काळा होतो. म्हणूनच आज चित्र स्वच्छ दिसते एवढ्यावरून जोडणी चांगली आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. कडा किती जवळ आहे हे चित्र सांगत नाही, त्यासाठी आकडे पाहावे लागतात.

या संचातल्या सेट-टॉप बॉक्सचा मोठा गुण असा, की तो हे आकडे दाखवतो. बहुतेक स्वस्त बॉक्समध्ये एक हिरवी पट्टी ‘ताकद’ म्हणून आणि दुसरी ‘गुणवत्ता’ म्हणून दिलेली असते, आणि त्या टक्केवारीचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो. येथे मात्र सिग्नलची पातळी डेसिबल-मायक्रोव्होल्टमध्ये दिसते, मॉड्युलेशनमधील चुकीचे प्रमाण सांगणारा एमईआर हा आकडा (तो जितका जास्त, तितका सिग्नल स्वच्छ) डेसिबलमध्ये दिसतो आणि दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर किती बिट चुकत आहेत तेही दिसते. डीव्हीबी-टीमध्ये पहिल्या टप्प्याच्या दुरुस्तीनंतर दर १०,००० बिटांमागे २ चुकांपर्यंतची स्थिती स्वीकारार्ह मानतात, कारण तेथून पुढचा टप्पा चित्र जवळजवळ निर्दोष करतो. पण तो आकडा म्हणजे काठ आहे. एमईआर आवश्यक मर्यादेपेक्षा किमान ५-६ डेसिबल वर असेल, तरच पानांनी भरलेली झाडे, दमट हवा आणि वाऱ्याने हलणारा खांब यांना तोंड देण्याइतकी शिल्लक हाताशी राहते. पातळी भरपूर आणि एमईआर कमी, अशी जोडी पडद्यावर दिसली तर सिग्नल कमी पडत नसून तो मलिन झालेला आहे हे लगेच समजते, आणि तेथे आणखी बूस्टर लावणे हा उपाय उरत नाही.

अँटेनाच्या निवडीबद्दल उत्पादकाचे मनापासून अभिनंदन करावेसे वाटते. लांबलचक, अनेक काड्यांचा यागी अँटेना दिसायला भारदस्त असतो आणि खोक्यावर छापलेला त्याचा गेनचा, म्हणजे सिग्नल किती जोराने पकडतो याचा, आकडाही मोठा असतो. जपानमधील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये मांडलेली ही रचना आजही उत्तम आहे. पण दूरचित्रवाणीच्या संपूर्ण यूएचएफ वारंवारता पट्ट्यासाठी बनवलेल्या यागीचा गेन सर्वत्र सारखा नसतो; तो खालच्या चॅनेलांवर कमी असतो, वर चढत जातो आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ सर्वाधिक होतो. दूरचित्रवाणीचा पट्टा ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत होता तेव्हा हे चालून जाई. आता युरोपात तो ६९४ मेगाहर्ट्झपाशी संपतो आणि अमेरिकेत २०१७ च्या लिलावानंतर झालेल्या फेररचनेत तो ६०८ मेगाहर्ट्झपर्यंत खाली आला. वरचा मोकळा झालेला भाग मोबाइल सेवेला मिळाला आहे. म्हणजे जुना यागी ज्या वारंवारतेवर सर्वांत तीव्रतेने ऐकतो, तेथे आता दूरचित्रवाणी नाही आणि जवळच्या मोबाइल मनोऱ्याचा जोरदार सिग्नल मात्र आहे. लॉग-पिरिऑडिक रचना १९५० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय विद्यापीठात विकसित झाली. तिचा गेन तुलनेने कमी असला तरी पट्टाभर जवळजवळ सपाट राहतो आणि मागून व बाजूंनी येणारे सिग्नल ती चांगले नाकारते. या संचातल्या अँटेनाचा पट्टाही ६९४ मेगाहर्ट्झपाशीच थांबवलेला आहे. कागदावर दोन-तीन डेसिबल कमी दिसणारा हा अँटेना एमईआरमध्ये जुन्या, लांब यागीपेक्षा सरस ठरतो, आणि निर्णय घेताना हाच आकडा महत्त्वाचा मानायला हवा.

बांधणीही विचारपूर्वक केलेली आहे. काड्या रिव्हेटने न बसवता मुख्य दांड्यात दाबून बसवल्या आहेत, त्यामुळे वाऱ्याने त्या सैल होण्याची शक्यता कमी आहे. क्लॅम्पचे जबडे दातेरी आहेत आणि तो खांबावर आडवा किंवा उभा, दोन्ही प्रकारे बसतो. ही दुसरी गोष्ट क्षुल्लक नाही. ब्रिटनमध्ये मुख्य प्रक्षेपक साधारणपणे आडव्या ध्रुवणाने (लहरींचे कंपन आडवे ठेवून) आणि दऱ्याखोऱ्यांसाठी उभारलेले छोटे पुनर्प्रक्षेपक साधारणपणे उभ्या ध्रुवणाने सिग्नल पाठवतात, आणि काड्या चुकीच्या दिशेने बसवल्या तर सिग्नल २० डेसिबलपर्यंत घटू शकतो. आपल्या प्रक्षेपकाचे ध्रुवण कोणते, हे छपरावर चढण्यापूर्वीच जाणून घ्यावे. संचाच्या माहितीपत्रकात याबद्दल केवळ एक ओळ आहे. तेथे एक पानभर आकृती असायला हवी होती.

उंचीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. मनोरा ३०० मीटर उंच असेल आणि आपला अँटेना जमिनीपासून १० मीटरवर असेल, तर मोकळ्या सपाट भूभागावर रेडिओ लहरींचे क्षितिज सुमारे ८४ किलोमीटर येते. अँटेना ५ मीटरवर आणला तर ते ८० किलोमीटरच्या जरासे वर राहते. क्षितिजाच्या हिशेबाने हा फरक किरकोळ आहे. तरीही प्रत्यक्षात छपराच्या रेषेवर गेल्यावर सिग्नल एकदम सुधारतो, कारण समोरच्या भिंती, पत्रे आणि झाडांचे शेंडे खाली राहतात. याच्या जोडीला दुसरी, अधिक सूक्ष्म गोष्ट येते. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी बरोबर अर्धा मीटर असते, आणि थेट येणारी लहर व जमिनीवरून किंवा पत्र्यावरून उसळून येणारी लहर यांच्या भेटीतून उंचीनुसार कमी-अधिक सिग्नलचे थर तयार होतात. खांब क्लॅम्पमध्ये सैल ठेवून हळूहळू वर सरकवत असताना आकड्यांकडे पाहिले, तर एमईआर चढतो, मग अचानक तीन-चार डेसिबल कोसळतो आणि वीतभर वर गेल्यावर पुन्हा सावरतो. एका चॅनेलसाठी उत्तम ठरलेली उंची दुसऱ्या चॅनेलसाठी खड्ड्यात असू शकते. म्हणून सर्वांत अशक्त मल्टिप्लेक्स (एकाच चॅनेलमधून एकत्र येणारा वाहिन्यांचा गट) निवडून त्यावर अँटेना बसवावा आणि बाकीचे तपासून मगच नट आवळावेत. इतके लक्ष देणारा कारागीर मिळाला, तर त्याला घाई करू देऊ नये.

बूस्टर हा या संचातला सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि स्वतःचा थोडा गोंगाट त्यात घालतो. जे हवेतून आलेच नाही ते तो निर्माण करू शकत नाही. त्याचे खरे काम केबलमधली घट भरून काढणे हे आहे. २० मीटर केबलमध्ये या वारंवारतांवर साधारण ३ ते ४ डेसिबल जातात. बूस्टर टीव्हीशेजारी ठेवला तर ही घट त्याच्या आधीच होते आणि पुढे ती कायमची राहते. तोच बूस्टर अँटेनाजवळ लावला तर घट नंतर होते आणि तिचा गुणवत्तेवर जवळजवळ परिणाम होत नाही. त्यामुळे खांबावर बसणारा, कमी गोंगाटाचा आणि माफक गेनचा बूस्टर देण्याचा उत्पादकाचा निर्णय योग्य आहे. गेन बदलता येतो, तोही जिन्याखालच्या वीजपुरवठ्यापाशी नव्हे तर बूस्टरवरच्या छोट्या स्क्रूने. सुरुवात सर्वांत कमी गेनपासून करावी. बॉक्सपाशी ४५ ते ७० डेसिबल-मायक्रोव्होल्ट या दरम्यानची पातळी मिळाली की पुरते. त्याहून वर नेल्यास बूस्टर किंवा ट्यूनर दबून जातो, चॅनेल एकमेकांत मिसळतात आणि पट्टी पूर्ण भरलेली असूनही चित्र फुटते. मोबाइल पट्ट्यासाठीची गाळणी बूस्टरच्या प्रवेशापाशीच, म्हणजे वर्धन होण्यापूर्वी, बसवलेली आहे. गाळणी नंतर बसवली तर नुकसान आधीच झालेले असते, म्हणून ही जागा महत्त्वाची आहे. एक सावधगिरी मात्र घ्यावी: बूस्टरला वीज केबलमधूनच वर जाते, त्यामुळे मध्ये सिग्नल अनेक फाट्यांत वाटणारा स्प्लिटर घालायचा असेल तर तो वीज पुढे सोडणारा असावा, नाहीतर बूस्टर बंद पडून बिनवीजेचा अडथळा बनतो आणि सिग्नल पूर्वीपेक्षाही खाली जातो.

केबलच्या बाबतीत माझी तक्रार साहित्याबद्दल नाही, टोकांबद्दल आहे. केबल उत्तम आहे. तांब्याची गाभ्याची तार, पातळ पत्र्याचे आवरण आणि त्यावर दाट विणलेली जाळी. पण सोबत दिलेले कनेक्टर पिळून बसवायचे आहेत, आणि असे कनेक्टर छपरावर टिकत नाहीत. जाळीचा केसाएवढा एक तंतू आत वळून गाभ्याला टेकला, तरी बूस्टरच्या वीजपुरवठ्यात शॉर्ट सर्किट होते आणि सगळा पडदा काळा होतो. तो तंतू शोधायला भिंगच लागते. दाबून बसवायचे कनेक्टर दिले असते तर हा प्रश्न आला नसता. पाण्यापासून बचावासाठी दिलेली रबरी टोपी चांगली आहे, तरी केबल अँटेनाच्या डब्यात शिरण्यापूर्वी तिला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जाईल. पाणी एकदा जाळीत शिरले की ते केशाकर्षणाने मीटरच्या मीटर खाली उतरते. जुन्या केबलचे आवरण सोलल्यावर आतली जाळी काळी-हिरवी पडलेली दिसली, तर ती केबल कितीही लांब आणि चांगली वाटली तरी पूर्ण बदलावी. घरातल्या घरात भिंतीपासून टीव्हीपर्यंत जाणारी छोटी तयार वायर हीदेखील अनेकदा दोषी असते, कारण तिला धड आवरण नसते आणि फ्रिज सुरू-बंद होताना उठणारी ठिणगी तिच्यातून थेट आत येते.

आता सेवेकडे वळतो, कारण शेवटी हे सगळे तिच्यासाठीच आहे. प्रादेशिक प्रक्षेपकाचे मोल त्याच्या ‘प्रादेशिक’ असण्यात आहे. राष्ट्रीय वाहिन्या कोठूनही मिळतात. आपल्या भागातला पूर, आपल्या भागातली निवडणूक आणि आपल्या भागातले हवामान त्याच भागाच्या प्रक्षेपकावरून येते. नेमके येथे सेट-टॉप बॉक्सचा स्वयंचलित शोध अडचणीत आणतो. उंच छपरावरून दोन प्रक्षेपक दिसत असतील, तर बॉक्स खालच्या वारंवारतेपासून वर जात शोध घेतो आणि जो प्रक्षेपक आधी सापडेल त्याला मुख्य क्रमांकांवर बसवतो. परिणामी शेजारच्या प्रदेशाच्या बातम्या पहिल्या क्रमांकावर लागतात आणि आपल्या बातम्या यादीच्या तळाशी ढकलल्या जातात. शिवाय तो दूरचा सिग्नल अशक्त असल्याने चित्रही अधूनमधून फुटते, आणि दोष अँटेनाला दिला जातो. या बॉक्समध्ये हाताने चॅनेल भरण्याची सोय आहे, प्रदेश निवडण्याचीही सोय आहे, पण ती तीन पातळ्या खाली दडवलेली आहे. पहिल्यांदा बॉक्स सुरू करतानाच दोन्ही प्रक्षेपकांची नावे व गुणवत्ता दाखवून निवड विचारली असती, तर असंख्य घरांतला त्रास वाचला असता. या एका कारणासाठी मी बॉक्सला अँटेनाइतके गुण देऊ शकत नाही.

परावर्तित लहरींबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण या बाबतीत डिजिटल पद्धत फारच समर्थ आहे. डीव्हीबी-टीच्या ८के प्रकारात माहिती ६,८१७ उपवाहकांवर (चॅनेलमधल्या शेजारशेजारच्या बारीक वारंवारतांवर) विभागून पाठवतात, त्यामुळे प्रत्येक चिन्ह, म्हणजे एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा, ८९६ मायक्रोसेकंद टिकते आणि दोन चिन्हांमध्ये राखीव वेळ ठेवता येतो. हा वेळ एक-चतुर्थांश ठेवला तर तो २२४ मायक्रोसेकंद भरतो, म्हणजे ६७ किलोमीटर जादा वळसा घेऊन आलेली लहरही त्रास देत नाही, आणि त्यामुळेच अनेक मनोरे एकाच वारंवारतेवर एकत्र चालवता येतात. अॅनालॉगमधली सावली खऱ्या अर्थाने गेली.

पावसाचा या सेवेवर जवळजवळ परिणाम होत नाही, कारण यूएचएफ लहरींच्या तुलनेत पावसाचे थेंब अतिशय लहान असतात. डिशवर येणाऱ्या १२ गिगाहर्ट्झच्या सुमाराच्या सिग्नलला तेच थेंब जड जातात. येथे त्रास होतो तो उलट शांत, स्वच्छ हवेत. उच्च दाबाच्या काळात थंड हवेवर उबदार हवेचा थर बसला, की लहरी त्या थराखाली वाकत क्षितिजापलीकडे जातात आणि शेकडो किलोमीटरवरचा, त्याच वारंवारतेवरचा प्रक्षेपक आपल्या अँटेनात शिरतो. अशा वेळी अँटेना हलवू नये आणि चॅनेल पुन्हा शोधू नयेत. हवा बदलली की सेवा आपोआप पूर्ववत होते. मागून येणारे सिग्नल नाकारण्याची लॉग-पिरिऑडिकची क्षमता अशा दिवसांत उपयोगी पडते.

चित्राच्या दर्जाबद्दल प्रेक्षकाला प्रसारकाच्या निर्णयावर अवलंबून राहावे लागते. ब्रिटनमध्ये ८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून डीव्हीबी-टीने सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट आणि डीव्हीबी-टी२ ने सुमारे ४० मेगाबिट माहिती पाठवतात. ती मोजक्या वाहिन्यांना वाटली तर हाय डेफिनिशन चित्र सुरेख दिसते. पण त्याच नळात वाहिन्यांची गर्दी केली तर पाण्याच्या लाटा, गर्दी आणि वेगवान खेळ यांत चौकोन उमटतात. हा दोष अँटेना बदलून जात नाही, आणि दुकानदाराने तसे सांगितल्यास विश्वास ठेवू नये. इंटरनेटवरून येणारे थेट प्रक्षेपण बरेचदा दहा-वीस किंवा अधिक सेकंदांनी मागे असते. हवेतून येणाऱ्या चित्राचा विलंब त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. भूकंप किंवा पुराच्या वेळी हा फरक सोयीच्या पलीकडचा ठरतो. जपानने २००३ मध्ये सुरू केलेल्या आयएसडीबी-टी पद्धतीत चॅनेलचे १३ भाग करून त्यातला एक हातातल्या उपकरणांसाठी राखला, आणि २००६ पासून त्यावर मोबाइलमध्ये दूरचित्रवाणी दिसू लागली. लाखो लोकांनी एकाच वेळी पाहिली तरी मनोऱ्यावरचा भार वाढत नाही, हे प्रक्षेपणाचे सामर्थ्य मोबाइल जाळ्याकडे नाही.

हा संच घेण्यापूर्वी आपल्या देशातली पद्धत पाहून घ्यावी. युरोपचा बहुतांश भाग डीव्हीबी-टी किंवा डीव्हीबी-टी२ वापरतो, भारतात दूरदर्शननेही डीव्हीबी-टी२ स्वीकारली, अमेरिकेत एटीएससी चालते आणि जपान व ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टीचे प्रकार आहेत. अँटेना, बूस्टर आणि केबल कोणत्याही पद्धतीत तसेच चालतात, फक्त पट्टा जुळायला हवा. बॉक्स मात्र चालत नाही. त्याच पद्धतीतही संकोचनाची, म्हणजे चित्राची माहिती आटवून पाठवण्याची, रीत बदलू शकते. जर्मनीने मार्च २०१७ मध्ये डीव्हीबी-टी२ सोबत एच.२६५ ही रीत आणली, तेव्हा केवळ एच.२६४ समजणारे बॉक्स डीव्हीबी-टी२ चे असूनही निरुपयोगी ठरले. परीक्षणातला बॉक्स एच.२६५ समजतो, १० बिटांचे चित्रही दाखवतो, पण ही माहिती खोक्यावर कोठेही छापलेली नाही आणि ती उत्पादकाने ठळकपणे छापावी. अँटेना आणि बूस्टर मी निःसंकोच घ्यायला सांगेन. बॉक्स घ्यावा तो आकडे नीट दाखवतो म्हणून, आणि बसवल्यावर पहिल्याच दिवशी हाताने आपला प्रक्षेपक भरून घ्यावा. पिळायचे कनेक्टर बाजूला ठेवून दाबून बसणारे वेगळे विकत घ्यावेत.